अप्पांच्या नावाचा माणूस

काउंटरवरून ‘षण्मुगम’ अशी हाक मारली की तो माणूस आधी मागे वळून बघायचा. मग अर्धं पाऊल बाजूला सरकायचा, वडीलधाऱ्याला वाट करून द्यावी तसा, आणि क्षणभर थांबून मगच पुढे यायचा. मागे कोणी नसायचं. असलंच तर ब्रेडची गाडी ढकलत नेणारी दुकानातली बाई असायची. अमेरिकेत अल्फारेटातल्या एका मोठ्या किराणा दुकानाच्या कोपऱ्यात औषधांचं काउंटर आहे आणि मी तिथे फार्मसिस्ट आहे. दिवसाला दीड-दोनशे लोकांना नावाने हाका मारते. कोणी फोनवर बोलत येतं, कोणी घड्याळ दाखवत येतं. पण स्वतःच्या नावाला दुसऱ्या कोणाला पुढे जाऊ देणारा माणूस मी पाहिला नव्हता.

चौथ्या खेपेला मी विचारलंच, "अंकल, तुम्ही कोणाची वाट बघता?"

ते हसले. सत्तरीच्या आसपासचे, सडपातळ, इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. "षण्मुगम माझे अप्पा, मा. मी अरुळ. नाव त्यांचं घेतलं तर आधी त्यांनी यायला पाहिजे ना? आधी अप्पा, मग मी."

"मग अप्पा कुठे आहेत?"

"ते वारले. मी एकोणीस वर्षांचा होतो." एवढं बोलून त्यांनी सही केली आणि पिशवी घेऊन निघून गेले. रांगेतल्या पुढच्या बाईंनी खाकरून मला भानावर आणलं.

हळूहळू सगळं कळलं. ते तमिळ, त्यांच्याकडे आडनाव नसतं. वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर पुढे आणि मग आपलं नाव, एवढंच. तमिळनाडूत तेनकाशीच्या शाळेत ते ‘एस. अरुळ’ होते. पासपोर्टच्या फॉर्मवर पूर्ण नाव लिहा असं होतं, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने त्या एसचा षण्मुगम केला आणि पहिल्या रकान्यात लिहिला. दुसऱ्या रकान्यात लिहिलं अरुळ. त्यामुळे अमेरिकेत उतरले तेव्हा कागदोपत्री त्यांचं नाव षण्मुगम झालेलं होतं आणि अरुळ हे आडनाव. पुलांचे आराखडे काढायच्या ऑफिसात नोकरी लागली. पहिल्या दिवशी साहेबाने हात पुढे करून म्हटलं, "वेलकम, षण्मुगम."

"तेव्हाच सांगायचं ना, की हे माझं नाव नाही!" मी म्हटलं.

"सांगणार होतो. पण मा, माझे अप्पा तेनकाशीच्या पलीकडे कधी गेले नाहीत. वाणसामानाचं दुकान. चिंच तोलता तोलता स्टुलावरच गेले. आणि इथे एक गोरा माणूस टाय लावून त्यांचं वेलकम करतो! मला इतका आनंद झाला की तोंडच उघडेना. म्हटलं, एक दिवस त्यांना मिरवू दे, उद्या सांगू." तो उद्या पुढची चाळीस वर्षं आला नाही. षण्मुगमचं पुढे ऑफिसात शॅन झालं.

आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, अधूनमधून त्यांचं तमिळ डोकवायचं, ‘मा’ म्हणजे आपल्याकडचं ‘बाळ’ तसं. मी त्यांची वाक्यं मराठीत देते आहे. त्यांची औषधं कोणती होती ते मात्र मी सांगणार नाही, ते माझ्या पेशात बसत नाही.

नावाच्या बाबतीत मी जरा कडक आहे, त्याला कारण आहे. माझ्या आजोबांचं गावातलं नाव कचरू. गावाने ठेवलेलं. नागपूरला गिरणीत लागले, दीक्षा घेतली, आणि त्याच आठवड्यात नाव आनंद असं लिहून आले. त्यानंतर गावाकडून आलेल्या कोणी जुन्या नावाने हाक मारली तर आजोबा ढिम्म हलायचे नाहीत. श्राद्ध, पक्ष, भूत, उतारा हे सगळंही त्याच वेळी घरातून गेलं, ते परत आलं नाही. मी त्या घरात वाढले. म्हणून पुढे जे सांगणार आहे ते मला स्वतःलाच सांगायला अवघड जातं.

"कोर्टात अर्ज करा, नाव सरळ करून घ्या," मी पहिल्याच महिन्यात त्यांना सांगितलं होतं. "आमच्या आजोबांनी एका आठवड्यात केलं."

"तुझ्या आजोबांना ते नाव फेकायचं होतं. मला फेकायचं नाही," ते म्हणाले. "उशिराने का होईना, अप्पा परदेशात आले आहेत. राहू दे थोडे दिवस."

शनिवारी ते एका हायस्कूलच्या भाड्याने घेतलेल्या वर्गांत मुलांना तमिळ शिकवायचे. मी एकदा माझ्या मैत्रिणीच्या लेकीला सोडायला तिथे गेले होते. दाराबाहेर चाळीस-पन्नास जोडी बूट, आत फळ्यावर गोल गोल अक्षरं, आणि हे मधोमध उभे. मुलं त्यांना ‘तात्ता’ म्हणायची, म्हणजे आजोबा. मुलांचे आईबाप ‘सार’, म्हणजे सर, नाहीतर ‘अंकल’ म्हणायचे. त्यांच्या बरोबरीचे ‘अण्णा’ म्हणायचे. त्यांची बायको सरसू दोन वर्षांपूर्वी वारली होती. तिने लग्नापासून त्यांना ‘एंग’ अशीच हाक मारली, आपल्याकडच्या ‘अहो’सारखी. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, अशी तिच्या आईची शिकवण होती. आणि मुलगा कार्तिक अर्थातच अप्पा म्हणायचा.

"म्हणजे बघ," ते बोटांवर मोजत मला म्हणाले, "जे नाव घेतात ते अप्पांचं घेतात. आणि जे माझे आहेत ते नाव घेत नाहीत. या अख्ख्या देशात अरुळ म्हणून कोणी नाहीच."

नाही म्हणायला एक माणूस होता. दर रविवारी सकाळी तेनकाशीहून त्यांच्या मोठ्या बहिणीचा, वळ्ळियक्काचा फोन यायचा. "डेय अरुळ!" अशी ती जी सुरुवात करायची ती शेजारच्या घरापर्यंत ऐकू जावी अशी. भाऊ सत्तरीचा झाला तरी ती त्याला जेवलास का, कानाला रुमाल बांधलास का, असंच विचारायची. ते रविवारचं सगळं बाजूला ठेवून फोनपाशी बसायचे.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर वळ्ळियक्का गेली. पुढच्या सोमवारी ते काउंटरवर आले. घ्यायचं काही नव्हतं. रांग संपेपर्यंत बाकावर बसले आणि मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "वैशाली, एक काम होतं. आठवड्यातून एकदा मला नावाने हाक मारशील का? अंकल नको. नुसतं नाव."

मला कसंतरीच झालं. आमच्याकडेही वडीलधाऱ्या माणसाला कोणी नुसत्या नावाने हाक मारत नाही. "मीच का?" मी विचारलं.

"तुझ्या भाषेत ळ आहे. आमचे लोक नाव घेणार नाहीत, आणि बाकी इथे तो कोणालाच येत नाही. माझ्या मुलालासुद्धा नाही."

मी आजूबाजूला पाहिलं आणि म्हटलं, "अरुळ." त्यांनी डोळे मिटले. मग "सरि मा, सरि," म्हणजे ठीक आहे, असं म्हणून गेले. तेव्हापासून तो आमचा सोमवारचा नेम झाला. माझ्याबरोबर काम करणाऱ्या पोरींना वाटायचं, म्हाताऱ्याला गप्पा मारायला कोणीतरी हवंय. मलाही आधी तेवढंच वाटलं होतं.

मग त्यांच्यात बदल व्हायला लागला. दुधाची फिल्टर कॉफी हे त्यांचं दैवत होतं. ती सुटली आणि ते ताडगुळाची काळी कॉफी प्यायला लागले. "मला आवडत नाही," ते स्वतःच म्हणायचे, "पण हात त्याच डब्याकडे जातो. अप्पा हीच प्यायचे." जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या सोडून बुटक्या स्टुलावर बसायला लागले. एका सोमवारी त्यांनी खिशातून शेंगदाण्याची पुडी काढून मला दिली. पिझ्झाच्या जाहिरातीचा कागद, वाण्याने बांधावी तशी चौकोनी घट्ट पुडी, वरून दोऱ्याचे चार वेढे.

"अरे वा, कुठे शिकलात?"

"तेच तर," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "शिकलोच नाही. अप्पांनी मला दुकानात कधी हात लावू दिला नाही. म्हणायचे, तू अभ्यास कर, पुड्या बांधायला मी आहे. काल रविवार होता, वळ्ळियक्काच्या फोनची वेळ झाली आणि मी नुसता बसलो होतो. बघतो तर समोर सतरा पुड्या."

मी त्यांना समजावलं. लहानपणी रोज बघितलेलं असतं, डोक्यात कुठेतरी राहतं, दुःखात असं वर येतं. त्यांनी मान डोलावली. त्यांची बोटं मात्र काउंटरवर पडलेल्या पावतीची घडी घालत होती. ती पुडीचीच घडी होती, ती बघून मला बरं वाटलं नाही.

त्यानंतरच्या महिन्यात सहीचं झालं. आमच्याकडे औषध दिलं की छोट्या पडद्यावर बोटाने सही घेतात. ते पंचवीस वर्षं त्या पडद्यांवर इंग्रजीत सही करत आले होते, शेवटी एक लांब शेपूट. त्या दिवशी त्यांनी सही केली आणि माझ्या बाजूच्या स्क्रीनवर गोल गोल अक्षरं उमटली. मी म्हटलं, "आज तमिळमध्ये?"

त्यांनी काउंटरवर वाकून स्क्रीन पाहिली. "ही माझी सही नाही," ते म्हणाले. "ही अप्पांची आहे. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर असायची. ते शेवटचं टिंब असंच वर उडालेलं."

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. संदीप आयटीत आहे, आमच्याच नागपूरचा. त्याने लॅपटॉपवरून डोकंही वर काढलं नाही. "अगं, मसल मेमरी असते यार. लहानपणी बापाची सही कॉपी करून पाहिली असेल. मी पण केली आहे, फेल झालो होतो तेव्हा. काहून टेन्शन घेतेस?" मला ते पटलं. खरंच पटलं. मी शांत झोपले.

पण त्यांच्या घरी जे झालं त्याला माझ्याकडे असं सोपं उत्तर नाही.

मार्चमधला रविवार होता, दुपारचे बारा. लख्ख ऊन. त्यांनी कढीपत्त्याचं रोप द्यायचं कबूल केलं होतं म्हणून मी गेले. बेल वाजवली, कोणी आलं नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. मी दार थोडं ढकललं आणि काउंटरवरच्या सवयीने हाक मारली, "षण्मुगम अंकल!"

आतून उत्तर आलं. "वरेन." आवाज जाड होता, घोगरा, मागोमाग एक खोकला. मग स्टूल सरकवल्याचा आवाज.

मी दारात उभी. तेवढ्यात माझ्या मागून, गॅरेजच्या बाजूने अरुळ अंकल आले. दोन्ही हातांत कुंडी, पँटवर माती. "आलीस? मी मागे होतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज पातळ आहे, शाळेतल्या मास्तरांसारखा.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही. का?"

मी म्हटलं, टीव्ही असेल. आम्ही दोघं आत गेलो. टीव्ही बंद होता. स्वयंपाकघरात बुटकं स्टूल भिंतीपासून पुढे ओढलेलं होतं. त्यांनी कुंडी हळूच खाली ठेवली आणि विचारलं, "काय म्हणाला आवाज?"

"वरेन."

ते जिन्याच्या पायरीवर बसले. "वरेन म्हणजे येतो. अप्पा जेवत असले आणि दुकानात गिऱ्हाईक आलं की ताटावरून असंच ओरडायचे." शेजारी लॉन कापण्याचं मशीन चालू होतं. त्यांच्या डाव्या बाजूच्या घरात एक तेलुगू कुटुंब राहतं, त्यांच्याकडे सासरे आले होते. आवाज तिकडून आला असेल. हे मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते. पण मला घाम फुटला होता, हेही खरं आहे.

त्या पायरीवर बसून त्यांनी मला ते सांगितलं. इतके दिवस त्यांच्या मनात काय घर करून बसलं आहे ते मला तेव्हा कळलं.

"मला अप्पांची भीती वाटत नाही, वैशाली. ते चांगले होते. भीती वेगळी आहे. मी आता मरणार, आज नाही तर दोन वर्षांनी. डॉक्टर कागदावर लिहिणार, षण्मुगम वारला. पण षण्मुगम एकदा वारलेला आहे! बिचाऱ्याने दुसऱ्यांदा का मरायचं? आणि तो मेला तर माझं काय? अरुळ वारला असं कोणी लिहिणार नाही, कोणी बोलणार नाही. म्हणजे अरुळ मेलाच नाही. मग मी इथेच उभा राहणार. या घरात, या ड्राइव्हवेवर. कोणी न्यायला येणार नाही, कारण न्यायचं कोणाला, हेच कोणाला माहीत नाही."

हे ऐकून हसायला हवं होतं, निदान माझ्या आजोबांच्या नातीने तरी. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "उद्या सुट्टी घेते. अर्ज भरू."

कार्तिक सिएटलला असतो, त्याला फोन केला. तो चांगला मुलगा आहे, फक्त घाईत असतो. "Appa, nobody cares what order it's in," तो म्हणाला. मग वडील काहीच बोलेनात तेव्हा, "Okay, okay. Do it."

काउंटी कोर्टात अर्ज दिला. षण्मुगम अरुळ यांना यापुढे अरुळ षण्मुगम म्हणून ओळखलं जावं. अप्पा मागच्या जागी जाणार होते, आडनावाच्या. इथला नियम असा की ही नोटीस काउंटीच्या वर्तमानपत्रात चार आठवडे छापावी लागते. कोणाची हरकत असेल तर त्याने येऊन सांगावं. त्या चार आठवड्यांत ते रोज मला विचारायचे, "कोणी हरकत घेतली का?"

"कोण घेणार अंकल? तुमच्या डोक्यावर कर्ज नाही, मागे पोलीस नाही."

"एका माणसाची असू शकते," ते म्हणायचे आणि मान खाली घालायचे. वर्तमानपत्रातली ती नोटीस कापून ठेवून ते रोज ती घरात मोठ्याने वाचत होते, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. अप्पांना इंग्रजी येत नाही, म्हणून ते तमिळमध्ये समजावून सांगत होते.

तारीख पडली त्या सकाळी मी त्यांना गाडीतून घेऊन गेले. कोर्टाच्या खोलीबाहेर एका टेबलावर येणाऱ्यांनी नाव लिहायचा कागद होता. आम्ही लिहिलं आणि आत जाऊन बसलो. त्यांची पाळी आली. जज बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा नाकावर. त्यांनी विचारलं, कोणाची हरकत आहे का. तेवढ्यात क्लार्क कागद बघत म्हणाली, "या प्रकरणात तीन जण आलेत. तिसरे कुठे आहेत?"

आम्ही दोघंच होतो. मी उठून कागद पाहिला. पहिल्या ओळीत माझं नाव, दुसऱ्या ओळीत त्यांची इंग्रजी सही आणि तिसऱ्या ओळीत ती गोल अक्षरं. शेवटचं टिंब वर उडालेलं. घाबरलेल्या माणसाच्या हातून दोनदा सही होऊ शकते. सही करताना मी त्यांच्या पुढेच उभी होते, पाठ करून, त्यामुळे मी काही पाहिलं नाही. मी क्लार्कला म्हटलं, "चुकून झालंय, दोघंच आहोत."

जज बाईंनी पुन्हा विचारलं, "हरकत?"

अरुळ अंकल उभे राहिले. त्यांनी हात जोडले. कोणाकडे बघून जोडले, ते मला कळलं नाही, कारण समोर जज होत्या आणि ते रिकाम्या बाकांकडे बघत होते. तमिळमध्ये एक वाक्य बोलले. मग इंग्रजीत म्हणाले, "नो ऑब्जेक्शन, मॅडम." जज बाईंनी सही केली.

गाडीत मी विचारलं, तमिळमध्ये काय म्हणालात. "म्हणालो, अप्पा, तुम्ही खूप फिरलात. आता बसा."

त्यानंतर सगळं थांबलं. मी सिस्टीममध्ये नवं नाव टाकलं, सोमवारी हाक मारली, "अरुळ!" आणि ते मागे न बघता सरळ पुढे आले. आम्ही दोघंही लहान मुलांसारखे हसलो. दुधाची कॉफी परत सुरू झाली. मी गंमत म्हणून एकदा त्यांना म्हटलं, पुडी बांधून द्या ना. त्यांनी कागद घेतला, दोनदा दुमडला आणि थांबले. येईना. दाणे घरंगळून काउंटरभर झाले.

मला वाटलं होतं, आता ते सुखात असतील. होतेही. पण एका सोमवारी निघताना म्हणाले, "घर फार नीटनेटकं झालंय, मा. स्टूल जिथे ठेवतो तिथेच असतं." थोडं थांबून पुढे म्हणाले, "ते कुठे गेले असतील? त्यांना रस्ता माहीत नाही. गाडी येत नाही. व्हिसासुद्धा माझ्याच नावावर होता." हे ते विनोदाने म्हणाले, पण डोळे भरून आले होते. मला त्यांची फार माया वाटली. मी काउंटरच्या बाहेर येऊन त्यांचा हात धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

ऑगस्टमध्ये ते गेले. दुपारी जेवून आरामखुर्चीत बसले होते, तिथेच. शनिवारच्या शाळेतल्या एका पालकाने कार्तिकला कळवलं, कार्तिकने मला.

अंत्यदर्शन इथल्या पद्धतीप्रमाणे फ्युनरल होममध्ये होतं. त्या दिवशी तिथे दोन खोल्यांत दोन वेगवेगळ्या कुटुंबांची माणसं होती. आमच्या खोलीबाहेरच्या फलकावर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, अरुळ षण्मुगम. मी ते दोनदा वाचलं आणि मला बरं वाटलं. आत तमिळ मंडळींनी खोली भरली होती. मृताच्या ओठांवर तांदळाचे दाणे ठेवायची त्यांची रीत आहे, त्यासाठी सगळे रांगेत होते. जो तो पुढे जाऊन काहीतरी पुटपुटत होता. अंकल. सार. अण्णा. तात्ता. मी कान देऊन ऐकत होते. नाव कोणीच घेत नव्हतं.

तेवढ्यात एक म्हातारी अमेरिकन बाई काठी टेकत आली. डोरिस नाव. पुलांच्या ऑफिसात त्यांच्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं होती. हातात फुलं. आधी ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसली होती, मग कोणीतरी तिला इकडे पाठवलं. पेटी लांब होती आणि समोर रांग होती, त्यामुळे तिला चेहरा दिसत नव्हता. तिने मला विचारलं, "फलकावर दुसरंच नाव आहे. शॅनचे कोण वारले? भाऊ का?"

"नाही, डोरिस. हेच शॅन. शॅनच गेले."

ती माझ्याकडे बघत राहिली. "असं कसं? शॅन बाहेर कॉरिडॉरमध्ये बसलाय. मी त्याला हॅलो केलं. त्याने मला ओळखलं नाही. फार थकलेला दिसला, बिचारा."

मी बाहेर धावले. कॉरिडॉरमध्ये भिंतीला लागून खुर्च्या होत्या. पांढरे शर्ट घातलेले चार-पाच तमिळ म्हातारे इकडेतिकडे उभे होते, सडपातळ, सावळे. डोरिसची नजर ऐंशी वर्षांची. यातलाच कोणी असणार. शेवटची खुर्ची तेवढी भिंतीपासून पुढे ओढलेली होती आणि रिकामी होती.

मी परत आत आले. बाहेर कोण बसलं होतं याची मला काळजी नव्हती. मला एकच काळजी होती, की आत कोण आहे. एवढी धडपड करून, कोर्टात जाऊन, चार आठवडे नोटीस छापून, शेवटी चुकीचाच माणूस गेला असला तर? आणि अरुळ त्या ड्राइव्हवेवर कुंडी घेऊन उभे असले तर?

मी रांग मोडून पुढे गेले. पेटीच्या कडेला हात ठेवला. आणि त्या भरल्या खोलीत, त्यांच्या मुलासमोर, त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान असलेल्या मी, मोठ्याने हाक मारली.

"अरुळ!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कार्तिकने पाहिलं. हाक द्यायला मी जेवढी घाबरले नव्हते तेवढी उत्तराला घाबरले होते. मी दाराकडे बघितलं, कॉरिडॉरकडे बघितलं. पुन्हा एकदा हाक मारली, ळ नीट जिभेवर घेऊन. आयुष्यात मी इतक्या लोकांना हाका मारल्या, पण कोणी येऊ नये म्हणून कधी मारली नव्हती.

कोणी आलं नाही. कोणी ओ दिली नाही. मग मी तिथेच उभी राहून पोटभर रडले, कारण आता खात्री झाली होती. अरुळच गेले होते.